माहिती अधिकाराच्या अर्जाला अधिकारी नीट प्रतिसाद देतील, यासाठी काय करावे?

सोलापुरात पाणी किती दिवसांआड येते, यावर घरोघरी वाद होतात. पण 'पाणी का येत नाही?' असे अर्जात विचारल्यास माहिती अधिकाऱ्याला ते सहज टाळता येते, कारण २००५ च्या कायद्याने कागद मिळतो, खुलासा नव्हे. त्याऐवजी आपल्या भागाच्या गेल्या तीन महिन्यांच्या पाणी सोडण्याच्या नोंदवहीची प्रत मागावी.

मी एकदा एका कार्यालयात सात विषय एकाच अर्जात कोंबले होते आणि 'माहिती विस्तृत आहे' एवढ्या एका ओळीवर माझी बोळवण झाली. (राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत मांडायचा असतो, हे मला नंतर कळले.) पुढच्या वेळी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एकच मुद्दा लिहिला, आवक क्रमांकाची पोच घेतली आणि दस्तऐवज प्रत्यक्ष पाहण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्याच टेबलावरच्या लिपिकाने फाईल स्वतःहून काढून दिली.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे प्रथम अपील करावे. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांचा दंड माहिती अधिकाऱ्याला व्यक्तिशः होऊ शकतो; मात्र तो राज्य माहिती आयोग ठरवतो, त्यामुळे पहिल्याच भेटीत त्याची धमकी देऊ नये.