खोबऱ्यात सापडलेला निळा चमकदार किडा कोणता?

लातूरहून विचारलंय: येसर मसाल्यासाठी आणलेल्या खोबऱ्याच्या वाट्यांत निळे, चमकणारे बारीक किडे निघाले, कोणते?

वर्णनावरून हा नेक्रोबिया रूफिपेस. चेकर्ड बीटलांच्या, म्हणजे क्लेरिडी कुळातला. खोबरं, सुकट-बोंबील, वाळलेलं मटण, जुनी हाडं, जिथं तेल-चरबी तिथं तो येतो.

ओळखायचं ते पायांवरून. किडा काचेच्या बाटलीत घ्या आणि उन्हात मोबाईलनं झूम करून बघा. लांबी ४ ते ७ मिलिमीटर, अंग निळं-हिरवं धातूसारखं, त्यावर उभे काळे केस. पाय मात्र तांबूस. मिशांचा बुडखा तांबडा, टोकाला काळसर गाठ. पायही काळपट-निळे असतील तर तो त्याचा भाऊबंद, नेक्रोबिया व्हायोलेसिया. मान आणि पंखांचा मानेलगतचा भाग तांबडा असला तर नेक्रोबिया रूफिकोलिस. दिव्यावर येणारे काही निळे भुंगे उड्या मारतात, हा मारत नाही, भराभर पळतो.

खरं नुकसान अळी करते. ती आत पोखरत जाते, आणि कोष करताना तोंडातल्या पांढऱ्या फेसानं भोक लिंपून घेते. वाटीत असे पांढरे बुच्चे दिसले तर ती वाटी मसाल्यात घालू नका. बाकीच्या फोडून आतून बघा, कडक उन्हात वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दमट, बुरशी धरलेलं खोबरं त्याला फार आवडतं, म्हणून पावसाळ्यात पोत्यात मुळीच ठेवू नका.