तबल्याची प्राध्यापकी करायची म्हणतोस, तर...

तबल्यातली ‘अलंकार’ ही वरची परीक्षा पास झालास, उत्तम. पण विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर सरळ रस्ता एम.ए. आणि नेट, सेट (प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी.चा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत कलावंतांसाठी दुसरी वाटही आहे: पदवी, नामवंत गुरूंकडची तालीम, आकाशवाणी-दूरदर्शनची ‘ए’ श्रेणी आणि विषय सप्रात्यक्षिक समजावता येणं. ऐकायला सोपं वाटतं. पण ‘बी’, ‘बी हाय’ या खालच्या श्रेणी ओलांडून ‘ए’पर्यंत पोचायलाच वर्षं जातात. म्हणून नेट देऊनच टाक.

सुरुवात बहुधा तासिका तत्त्वावर होईल. जेवढे तास तेवढंच मानधन, मे महिना कोरडा. तेव्हा गायकांची, कथकवाल्यांची साथ सोडू नकोस. विलंबित (संथ) एकतालाचा ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, लय न हलवता धरून ठेवणं सोलोइतकंच अवघड आहे, आणि बोलावणी त्यावरच येतात. (तिहाया, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचे तुकडे, सगळ्यांनाच येतात रे!)

वर्गात कायदा (विस्तार करायची बोलांची रचना) वाजवून दाखवण्याआधी मुलांकडून पढंत करून घे, म्हणजे बोल तोंडाने म्हणवून घे. तोंडात बसलेले बोल हातात लवकर उतरतात, आणि पंधरा तबले एकदम वाजले की कुणाचं काय चुकतंय ते कळत नाही. स्वतःचा रियाज मात्र पहाटेच उरकायचा. दिवसभर मुलांचं ‘धाति धागे’ ऐकल्यावर संध्याकाळी डग्ग्याकडे बघवत नाही.