वाचकांचे प्रश्न : अ‍ॅम्प बदलला की हेडफोनचा आवाज का बदलतो?

प्रश्न (पुणे) : माझ्याकडे सेनहायझरचा एचडी ६५० आहे. घरच्या सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरच्या) अ‍ॅम्पवर तो स्वच्छ, पण जरा कोरडा वाटतो. मित्राच्या ओटीएल ट्यूब अ‍ॅम्पवर लावला की डग्गा एकदम भरीव लागतो. ही ट्यूबची करामत की माझ्या कानांचा भ्रम?

उत्तर : भ्रम नाही, पण सगळं श्रेय ट्यूबला देऊन मोकळे होऊ नका. ओटीएल म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला अ‍ॅम्प. त्यामुळे त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलला त्याचाच होणारा आतला विरोध, मोठा राहतो. ६०८० किंवा ६एएस७ जातीच्या ट्यूब वापरणाऱ्या बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये तो १०० ओहमच्या आसपास असतो. चांगल्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पमध्ये तो एक ओहमच्याही खाली असतो.

एचडी ६५० च्या डब्यावर ३०० ओहम इम्पीडन्स लिहिलेलं असलं तरी तो आकडा सगळ्या स्वरांना लागू नाही. ८०-१०० हर्ट्झच्या पट्ट्यात पडद्याच्या स्वतःच्या अनुनादामुळे इम्पीडन्स ५०० ओहमच्या जवळ चढतो, आणि डग्ग्याची घुमारही साधारण तिथेच असते. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स आणि हेडफोन यांच्यात व्होल्टेज वाटलं जातं. तो १२० ओहम धरला, तर मधल्या स्वरांना व्होल्टेजचा ३००/४२० म्हणजे ७१ टक्के भाग मिळतो आणि त्या पट्ट्याला ५००/६२० म्हणजे ८१ टक्के. हा फरक साधारण एक डेसिबल. ऐकायला आकडा किरकोळ वाटतो, पण एवढ्या रुंद पट्ट्यात एक डेसिबल चढला की कान त्यालाच ‘भरीवपणा’ म्हणतो. ट्यूब आपल्याकडून थोडा दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा स्वरही मिसळते, तोही ऐकू येऊ शकतो, पण त्याचा हिशेब नंतरचा.

पडताळा घरच्या घरी घेता येतो. सॉलिड स्टेट अ‍ॅम्प आणि हेडफोन यांच्यामध्ये लावायला एक छोटी एक्स्टेंशन वायर करा. तिच्यात डाव्या सिग्नलला एक आणि उजव्या सिग्नलला एक, असे १२० ओहमचे पाव वॅटचे मेटल फिल्म रेझिस्टर जोडा. सामाईक ग्राउंडच्या तारेत रेझिस्टर घालायचा नाही. तिथे घातला तर डावं-उजवं उलटं होऊन एकमेकांत मिसळतं आणि मधोमधचा आवाज दबतो, मग तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. आवाज सुमारे तीन डेसिबल उतरेल, तेवढा व्हॉल्यूम वाढवून ऐका. मित्राच्या अ‍ॅम्पची बरीचशी ऊब दोन-चार रुपयांच्या रेझिस्टरमध्ये सापडली, तर मोठी खरेदी लांबणीवर टाकायला हरकत नाही.

हाच ओटीएल ३२ ओहमच्या डायनॅमिक (तारेच्या गुंडाळीच्या) हेडफोनला मात्र लावू नका. समजा खर्जात त्याचा इम्पीडन्स ८० ओहमपर्यंत चढत असेल, तर १२० ओहमच्या अ‍ॅम्पवर तिथे साडेपाच डेसिबलचा फुगवटा येतो. तो भरीव नव्हे, गढूळ ऐकू येतो. आउटपुटच्या निदान आठपट हेडफोनचा इम्पीडन्स असावा, हा ढोबळ नियम याच कारणासाठी आहे. १९९६ च्या आयईसी ६१९३८ मानकाने मात्र हेडफोनसाठी १२० ओहमचा स्रोत धरला होता, म्हणून जुन्या युरोपीय हेडफोनांच्या बाबतीत या नियमाचा फार बाऊ करू नये. प्लॅनर, म्हणजे सपाट पडद्यावरच वाहक पट्ट्या असलेल्या, हेडफोनचा इम्पीडन्स जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे ओटीएलवर त्यांचा तोल बदलत नाही. फक्त ताकद वाया जाते.

प्रश्न (ठाणे) : हायफायमॅन सुस्वरा घेतला. माझा अ‍ॅम्प ३२ ओहमला एक वॅट देतो, तरी नॉब शेवटपर्यंत फिरवावा लागतो. विक्रेता म्हणतो, स्पीकरचा अ‍ॅम्प घ्या. घ्यावा का?

उत्तर : आधी अ‍ॅम्पचा गेन स्विच (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा) कुठे आहे ते बघा. बहुतेक वेळा गोम तिथेच असते.

सुस्वरा ६० ओहमचा आहे आणि त्याची सेन्सिटिव्हिटी एका मिलिवॅटला ८३ डेसिबल, म्हणजे बाजारातल्या अत्यंत आळशी हेडफोनांपैकी एक. ११० डेसिबलच्या शिखरासाठी त्याला सुमारे अर्धा वॅट लागतो : साडेपाच व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअर. तुमचा अ‍ॅम्प ३२ ओहमला एक वॅट देतो, याचा अर्थ तो ५.७ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे हिशेबाने ११० डेसिबल निघायला हवेत. पण डॅक (डिजिटल फाइलचा सिग्नल करणारा भाग) साधारण दोन व्होल्ट देतो. अ‍ॅम्प लो गेनवर, म्हणजे एकपटीवर असेल, तर नॉब कितीही फिरवला तरी बाहेर दोनच व्होल्ट पडणार. त्यातून मिळतात ६७ मिलिवॅट आणि जेमतेम १०१ डेसिबलचं शिखर. शास्त्रीय मैफलीचं रेकॉर्डिंग हळू पातळीवर केलेलं असतं, आलापात सरासरी त्याहून वीसेक डेसिबल खाली राहते, आणि मग नॉब पाचच्या काट्यावर जातो. हाय गेन तिप्पट असेल तर हीच अडचण एका बटणाने मिटते. लॅपटॉपचा आणि प्लेअरचा व्हॉल्यूम शंभर टक्के ठेवा, वाढ-घट फक्त अ‍ॅम्पवर करा. आणि नॉब कुठवर फिरला यावरून ताकद जोखू नका. तो फक्त आत आलेला सिग्नल किती सोडायचा ते ठरवतो.

हाय गेनवरही द्रुत लयीतल्या तबल्याच्या ठोक्यावर चरचर आली, कडा फाटल्यासारखी वाटली, तर मात्र अ‍ॅम्प खरोखर अपुरा पडतोय. ११५ डेसिबलपर्यंत मोकळीक हवी असेल, तर पावणेदहा व्होल्ट आणि १६० मिलिअँपिअरच्या वर देणारा हेडफोन अ‍ॅम्प शोधा. (त्या पातळीवर सलग ऐकू नका, शिखरांपुरतंच बोलतोय.)

स्पीकर अ‍ॅम्पबद्दल एक धोक्याची सूचना. आजचे बरेच छोटे क्लास डी अ‍ॅम्प ब्रिज पद्धतीचे असतात. त्यांचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, त्यावरही सिग्नल असतो. साध्या ६.३५ मिलिमीटर जॅकमध्ये डाव्या-उजव्याच्या दोन्ही ऋण तारा एकत्र येतात. तसा जॅक अशा अ‍ॅम्पला जोडलात तर आउटपुट जळू शकतो. जोडायचाच असेल तर चार पिनांच्या एक्सएलआरने चारही तारा स्वतंत्र ठेवून जोडा. शिवाय स्पीकर अ‍ॅम्पचा गेन मोठा असतो, त्यामुळे शांत जागी सूं ऐकू येते.

प्रश्न (मडगाव) : बॅलन्स्ड आउटपुटवर आवाज जास्त खुला होतो, हे खरं का?

उत्तर : बॅलन्स्ड म्हणजे प्रत्येक कानाच्या धन-ऋण दोन्ही तारांवर उलटसुलट सिग्नल. त्याने व्होल्टेज दुप्पट होतं, म्हणजे सहा डेसिबल जास्त, आणि जोरात वाजलेलं सगळंच खुलं वाटतं. आउटपुट इम्पीडन्सही दुप्पट होतो, हे कोणी सांगत नाही. एचडी ८०० एस सारख्या हेडफोनला ११० डेसिबलसाठी अडीच व्होल्ट पुरतात. तेवढे साध्या (सिंगल एंडेड) आउटपुटमधून सहज मिळत असतील, तर बॅलन्स्ड केबलवर खर्च करू नका. केबल बनवून घेत असाल तर चार पिनी एक्सएलआरचा क्रम : १ डावा धन, २ डावा ऋण, ३ उजवा धन, ४ उजवा ऋण. बॅलन्स्ड सॉकेटमधून साध्या जॅकवर उतरणारा अ‍ॅडॉप्टर कधीही वापरू नका. उलट दिशेचा, म्हणजे बॅलन्स्ड केबल साध्या सॉकेटला जोडणारा, चालतो.

प्रश्न (कोल्हापूर) : दोन अ‍ॅम्प घरी आणून तुलना करायची आहे. नीट कशी करावी?

उत्तर : पातळी जुळवल्याशिवाय केलेली तुलना म्हणजे नुसत्या गप्पा. अर्ध्या डेसिबलने चढा असलेला अ‍ॅम्प ‘जास्त जिवंत’ वाटतो आणि तो चढा आहे हे कानाला कळतही नाही.

ट्रू आरएमएस मल्टिमीटर घ्या आणि एक किलोहर्ट्झची साईन वेव्ह लावा. हेडफोन जोडलेलाच ठेवायचा, फक्त कानावरून काढून. वाय-स्प्लिटरच्या मोकळ्या टोकावर डाव्या चॅनेलचं एसी व्होल्टेज मोजा. पहिल्या अ‍ॅम्पवर ०.३०० व्होल्ट आणलंत तर दुसऱ्यावर ०.२९७ ते ०.३०३ मध्ये आणा, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. स्वस्त मीटर एक किलोहर्ट्झला थोडं कमी दाखवतं, पण दोन्ही वेळा तेवढंच कमी दाखवणार, तेव्हा काळजी नको. हेडफोन काढून मोजलंत तर मोठ्या आउटपुट इम्पीडन्सचा अ‍ॅम्प फसवेल. नंतर उजवा चॅनेलही तपासा. नॉब अगदी खाली असताना दोन्ही बाजू सारख्या नसतात. तसं दिसलं तर गेन कमी करून नॉब वर घ्या.

मीटर हातात आहे तर आउटपुट इम्पीडन्सही काढून टाका. हेडफोन काढून मोकळ्या आउटपुटवर व्होल्टेज मोजा, मग ३३ ओहमचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा. मोकळं ०.२०० आणि भारासह ०.१८८ आलं, तर ३३ × (०.२००/०.१८८ − १), म्हणजे जवळपास दोन ओहम.

ऐकताना अदलाबदल दुसऱ्याने करावी, तुम्ही पाठमोरे बसा. तान, टाळ्या, तानपुरा असा वीसेक सेकंदांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा लावा. सोळापैकी बारा वेळा बरोबर ओळखलंत तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे फरक मानायला जागा आहे. दोन्ही अ‍ॅम्प सॉलिड स्टेट, कमी इम्पीडन्सचे आणि पुरेशा ताकदीचे असतील, तर आमचा अंदाज आठ-नऊच्या आसपासचा. तसंच निघालं तर वाचलेले पैसे हेडफोनवर घाला. मूळ एचडी ८०० ची ६ किलोहर्ट्झजवळची धार कुठल्याही अ‍ॅम्पने जात नाही. प्लेअरच्या इक्वलायझरमध्ये तिथे चार-पाच डेसिबल उतरवले की जाते.

प्रश्न (योकोहामा) : पुढच्या वर्षी पुण्याला परततोय. इथे घेतलेला स्टॅक्सचा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन संच, १०० व्होल्टचा ड्रायव्हर (त्याचा खास अ‍ॅम्प) धरून, सोबत आणतोय. काय काळजी घ्यावी?

उत्तर : पहिली गोष्ट ट्रान्सफॉर्मरची. आपल्याकडे दुकानात सहज मिळतो तो २३० ते ११० व्होल्टचा. त्यावर १०० व्होल्टचा ड्रायव्हर चालेल, पण दहा टक्के जास्त दाबाने. ट्यूबचा ड्रायव्हर असेल तर ६.३ व्होल्टच्या हीटरला ६.९ मिळतील आणि ट्यूबचं आयुष्य घटेल. त्यात घरी लाईन २५० वर गेली की भरच. वाइंडिंगवाल्याकडून नेमका १०० व्होल्टचा, १०० व्हीए क्षमतेचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर करून घ्या. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त पडतो, पण त्यात मेन्सपासून विलगता नसते. पहिल्यांदा लावण्याआधी ड्रायव्हर चालू ठेवून, भारावर, व्होल्टेज मोजून घ्या.

पाच पिनी प्रो हेडफोनला ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे पडद्यावर कायम ठेवायचा विजेचा दाब, लागतो. जुन्या सहा पिनी सॉकेटला २३० व्होल्टचा असतो. त्यात पाच पिनी प्लग बसतो खरा, पण आवाज मरगळलेला येतो. तो हेडफोनचा दोष नव्हे. पावसाळ्यात दमट हवेने पडद्यावरचा भार गळतो आणि एक बाजू हळू वाजू लागते, म्हणून जून ते सप्टेंबर हेडफोन हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कानावर दाबल्यावर येणारा चर्र आवाज मात्र पडद्याचा आहे, त्याने काही बिघडत नाही.

प्रश्न (नागपूर) : लॅपटॉपला जोडलं की अ‍ॅम्पमधून गुणगुण येते. अ‍ॅम्प खराब आहे का?

उत्तर : चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गुणगुण थांबली तर ग्राउंड लूप (दोन वाटांनी जोडलेल्या अर्थिंगचा फेरा) आहे, अ‍ॅम्प ठीक आहे. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर डॅकच्या आधी यूएसबी आयसोलेटर लावा. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालवू नका, विशेषतः ट्यूब अ‍ॅम्पवर, कारण आत शे-दोनशे व्होल्ट डीसी असतो आणि पेटीला तो लागला तर वाचवणारी तार तीच.