चिखलाचे टायर, घाटाचा रस्ता आणि परवडणारा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे टायरची पत्रे येऊ लागतात आणि यंदाही तसेच झाले आहे. चिखले नावाचे गाव ज्या खानापूर तालुक्यात आहे, तिथून चिखलाविषयी प्रश्न यावेत यात नवल नाही. आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार, वि. वि. माझ्याकडे २०१६ सालची थार सीआरडीई आहे. मूळ टायर २३५/७० आर १६ मापाचे असून ते आता झिजले आहेत. शिवारातल्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत तीन किलोमीटर लाल मातीची वाट आहे आणि ती रोज एकदा जाऊन-येऊन होते. आठवड्यातून दोनदा बेळगाव आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटाने गोवा असे फिरणे धरून महिन्याला गाडी सुमारे ९०० किलोमीटर चालते. पावसाळ्यात वाटेवर गाडी फार घसरते. दुकानदार म्हणतात, रुंद मड-टेरेन टायर घाला. खर्च मात्र बेताचाच करायचा आहे. काय करावे?
— एक वाचक, जांबोटी परिसर (ता. खानापूर)

उत्तर : आपण आकडे दिलेत हे बरे केले, कारण निम्मे उत्तर त्या आकड्यांतच आहे. रोज सहा किलोमीटर म्हणजे महिन्याला १८० किलोमीटर कच्ची वाट. तीही वर्षभर चिखलाची नसते. जून ते सप्टेंबर हे चार महिने धरले तर वर्षाच्या सुमारे १०,८०० किलोमीटरपैकी ७२० किलोमीटर आपण खऱ्या अर्थाने चिखलात असता. उरलेले दहा हजार किलोमीटर डांबर, घाट आणि कोरडी वाट. मड-टेरेन टायर त्या ७२० किलोमीटरसाठी घडवलेला असतो, पण त्याची किंमत मात्र सगळ्या १०,८०० किलोमीटरवर मोजावी लागते.

ही किंमत केवळ पैशांची नसते. मड-टेरेनच्या नक्षीतले गट्टे मोठे, खोल आणि एकमेकांपासून लांब असतात. त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेमुळे चिखल आत शिरून पुन्हा बाहेर फेकला जातो, परंतु त्याच मोकळ्या जागेमुळे डांबरावर टेकणारे रबर कमी पडते. ओल्या डांबरावर पकड देणाऱ्या बारीक चिराही या गट्ट्यांवर थोड्याच असतात. कणकुंबी ओलांडून चोर्ल्याच्या वळणांवर धुक्यात आणि पावसात उतरताना ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर वाढते, आणि हे ज्याने एकदा अनुभवले आहे त्याला पुन्हा सांगावे लागत नाही. शिवाय आवाज वाढतो, डिझेल जास्त लागते आणि मऊ, उंच गट्टे डांबरावर लवकर झिजतात.

परवडण्याचा हिशेब टायरच्या बिलावर न मांडता किलोमीटरवर मांडावा. केवळ उदाहरणासाठी समजा की एक ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचा) टायर ९,००० रुपयांना मिळाला आणि तो ५०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला १८ पैसे पडले. मड-टेरेन टायर १४,००० रुपयांना मिळाला आणि ३५,००० किलोमीटर चालला, तर ४० पैसे पडले. चार टायर धरले तर हा फरक ७२ पैसे आणि १ रुपया ६० पैसे असा होतो. आपल्या दुकानातले खरे भाव घालून हाच हिशेब पुन्हा करून पाहावा.

आता रुंदीविषयी. येथे दुकानदारांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात वरचा थर मऊ लाल मातीचा असतो आणि बहुतेक ठिकाणी खाली जांभा किंवा वर्षानुवर्षे दाबला गेलेला कठीण थर असतो. भाताच्या खाचरात चिखलणी करून करूनही असाच घट्ट तळ तयार होतो. अशा जमिनीत टायरने वरचा राडा कापून तळ गाठायला हवा, आणि ते काम अरुंद टायर अधिक चांगले करतो, कारण तेच वजन कमी रुंदीवर येते. रुंद टायर मात्र वरच्या राड्यावर तरंगत राहतो. वाळूत हा गुण आहे, आपल्या वाटेवर तो दोष ठरतो. मागे एका जुलै महिन्यात जांबोटीच्या पुढे एका उतारावर मी स्वतः पाहिले आहे : फुगीर, रुंद, कोऱ्या टायरांची एक गाडी आडवी होऊन कडेच्या चरात टेकली होती आणि तिच्या मागून दुधाचे कॅन घेऊन आलेली जुनी जीप ६.००-१६ च्या सडपातळ टायरांवर आपल्याच चाकोरीत सावकाश वर चढून गेली. तिच्या टायरची रुंदी नावाप्रमाणे जेमतेम सहा इंच, म्हणजे सुमारे १५२ मिलिमीटर. आपल्या थारचा टायर आजच २३५ मिलिमीटरचा आहे, त्यात आणखी भर घालण्याचे कारण मला दिसत नाही.

आपल्या मापात मड-टेरेनची निवड कमी आणि २४५/७५ आर १६ मध्ये जास्त असल्यामुळे पुष्कळजण त्या मापाकडे वळतात. मूळ टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर भरतो आणि २४५/७५ आर १६ चा सुमारे ७७४ मिलिमीटर. म्हणजे गाडी जमिनीपासून सुमारे १९ मिलिमीटर वर उचलली जाते, हा फायदा खरा आहे. परंतु व्यास पाच टक्क्यांनी वाढल्यामुळे काटा ६० दाखवील तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६३ च्या वेगाने धावत असेल, चढावर गिअर जड वाटेल आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला किंवा चॅसिसला घासण्याची शक्यता राहील. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर निर्बंध आहेत, आणि मडगार्डाबाहेर डोकावणारे टायर तपासणी नाक्यावर लगेच डोळ्यांत भरतात, हेही विसरू नये.

म्हणून माझा सल्ला असा की मूळ मापातच, बाजूची भिंत मजबूत असलेले आणि कडेपर्यंत गट्टे असलेले चांगले ऑल-टेरेन टायर घ्यावेत. सीएटचा क्रॉसड्राइव्ह किंवा अपोलोचा अ‍ॅपटेरा ए/टी ही या वर्गातली नावे आहेत. आपल्या मापात यांपैकी काय मिळते ते विचारून घ्यावे. वाचलेल्या पैशांतून हवा भरण्याचा बारा व्होल्टचा छोटा कंप्रेसर आणि हवा मोजण्याचा गेज घ्यावा. चिखलाच्या वाटेच्या तोंडाशी थांबून चारही चाकांतली हवा २० पौंडांवर आणली तर टायर जमिनीवर लांबट टेकतो आणि त्याची पकड वाढते. इथे टायर पसरतो तो मुख्यतः लांबीत, त्यामुळे वर रुंद टायरविषयी जे सांगितले त्याला यामुळे बाधा येत नाही. हवा १५ पौंडांखाली उतरवू नये, कारण वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरावर येताच कंपनीने सांगितलेल्या आकड्यापर्यंत हवा पुन्हा भरावी. कमी हवेवर वेगाने पळवलेला टायर आतून तापून फुटतो. या सगळ्याला रोजची दहा मिनिटे जातील आणि तेवढा आळस झटकायची तयारी नसेल, तर हा सल्ला व्यर्थ आहे.

प्रश्न : आमच्याकडे बोलेरो कॅम्पर फोर व्हील ड्राइव्ह आहे. काळ्या रानातल्या उसाच्या फडातून वाहतूक करावी लागते. एका पावसात गाडी जागच्या जागी फिरते. सध्या मागचे दोनच टायर मड-टेरेन घालून भागेल का? पुढचे दोन पुढच्या वर्षी घालू.
— एक वाचक, निपाणी परिसर

उत्तर : नाही, आणि ही काटकसर पुढे महागात पडेल. आपल्या गाडीत फोर व्हीलचा दांडा टाकला की पुढची आणि मागची चाके एकाच वेगाने फिरायला बांधली जातात. मागचा टायर कोरा आणि उंच, पुढचा झिजलेला आणि बुटका असला तर दोन्ही धुरांना एका फेरीत वेगवेगळे अंतर कापावे लागते. हा फरक चिखलात घसरून निघून जातो, कठीण जमिनीवर मात्र तो ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या धुरांना ताकद वाटणारी पेटी) आणि प्रोपेलर शाफ्टवर ताण आणतो. दांडा मागे घेताना अडकू लागला तर हाच ताण असू शकतो. (कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकून गाडी चालवू नये, याचेही कारण हेच.) चारही टायर एकाच मापाचे, एकाच नक्षीचे आणि शक्यतो एकाच झिजेचे हवेत. स्टेपनीही तशीच ठेवून दर ८-१० हजार किलोमीटरला पाचही टायर आलटून-पालटून लावले, तर पाचांचा पैसा वसूल होतो.

मात्र जांबोटीच्या वाचकांना मी जे सांगितले, ते आपल्याला लागू होत नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरला लगद्यासारखी चिकटते आणि नक्षी भरून टाकते. ऑल-टेरेनची दाट नक्षी अशा मातीत दोन फेऱ्यांतच गुळगुळीत होते, आणि मग टायरवर नक्षी असून नसल्यासारखीच. आपल्याला मोकळ्या नक्षीचा खरा मड-टेरेनच उपयोगी पडेल, आणि गाडी मुख्यतः रानात आणि गावच्या रस्त्यांवर फिरत असल्यामुळे डांबरावरच्या झिजेची चिंताही कमी आहे. नक्षी स्वतःला साफ करते की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे. सपाट, मोकळ्या जागी थोडा वेग दिल्यावर मडगार्डच्या आतून ढेकळे धपाधप आपटू लागली की टायर आपले काम करतो आहे. आवाज आलाच नाही, तर माती गट्ट्यांत बसून राहिली आहे.

पाच टायरांचे पैसे एकदम होत नसतील तर गाळपाचे पैसे हाती येईपर्यंत थांबावे. तोवर पाऊस पडल्यावर एक दिवस फडात गाडी न घालणे हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. वजन वाहायचे असल्यामुळे टायरवरचा भारांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा. भारांक १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो आणि १०८ म्हणजे १,००० किलो.

प्रश्न : टायर बेळगावात घ्यावेत की कोल्हापुरात? आमच्या गावातले लोक सांगतात, सीमेपलीकडे कर कमी लागतो. परदेशी टायर स्वस्त मिळतात हे खरे का?
— एक वाचक, चंदगड

उत्तर : कराची गोष्ट जुन्या काळातली आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू आणि सेवा कर लागू झाल्यावर टायरवरील कराचा दर दोन्ही राज्यांत एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुना दर सांगणाऱ्या दुकानदाराकडून बिल मागून घ्यावे. भावात फरक दिसेल तो दुकानदाराच्या नफ्याचा आणि मालाच्या वयाचा. तक्रार करायची वेळ आली तर वारंवार जाता येईल असे जवळचे दुकान बरे, आणि चंदगडहून बेळगाव कोल्हापूरपेक्षा जवळ आहे.

परदेशी टायरांच्या आयातीवर जून २०२० पासून निर्बंध आहेत. त्यापूर्वी बाजारात आलेला माल आज कोठे स्वस्तात निघाला, तर त्याचे वय पाहावे. टायरच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ असे लिहिले असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. आयएसआय चिन्हही पाहून घ्यावे. मड-टेरेनचा खप कमी असल्यामुळे तो दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहतो, म्हणून या वर्गात तारीख पाहणे अधिकच गरजेचे आहे.

प्रश्न : लष्कराच्या लिलावातून निघालेली जिप्सी घेतली आहे. टायरची नक्षी भरपूर शिल्लक आहे. तेच ठेवावेत, की रिट्रेड केलेले (जुन्या टायरवर नवे रबर चढवलेले) खोल नक्षीचे टायर घालावेत?
— एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला आहे, असे नव्हे. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, पण उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर झिजून नव्हे, तर वाळून बाद होतो. उन्हात गाडी उभी करून टायरची भिंत अंगठ्याने दाबून पाहा आणि गट्ट्यांच्या मुळाशी नख फिरवा. तेथे जाळीसारख्या बारीक भेगा दिसल्या किंवा रबर काचेसारखे कडक लागले, तर नक्षी कितीही असो, टायर काढून टाकावेत. रिट्रेड टायर केवळ शिवारात आणि सावकाश चालणाऱ्या गाडीला मागे चालू शकतील. पुढच्या चाकांना मात्र ते लावू नयेत, आणि आपण पत्रात आंबोलीच्या सहलीचा उल्लेख केला आहे, त्या घाटात तर मुळीच नकोत. जिप्सी वजनाने हलकी आहे, तिला २०५/७० आर १५ या मूळ मापाचे साधे ऑल-टेरेन टायर पुरतात.