केसींची चार चरित्रे म्हणजे चार साक्षी नव्हेत

प्रश्न असा आहे: अमेरिकेतील अतींद्रिय उपचारक एडगर केसी (१८७७–१९४५) यांच्यावर मराठीत चरित्रलेख लिहायचा आहे. हाताशी चार चरित्रे आहेत आणि चारहींत तेच प्रसंग येतात, मग ते खरे धरायला हरकत आहे का?

हरकत आहे. आधी ते प्रसंग त्या चौघांकडे कुठून आले ते शोधा. केसींच्या तरुणपणाची बहुतेक हकीकत थॉमस सग्रू यांच्या १९४२ च्या चरित्रातून पुढे आलेली आहे. सग्रू हे केसींचा थोरला मुलगा ह्यू लिन याचे कॉलेजातले मित्र. व्हर्जिनिया बीचला केसींच्याच घरी राहून त्यांनी हे पुस्तक लिहिले. म्हणजे माहिती देणारे मुख्यतः केसी आणि त्यांचे घरचे लोक. पुढच्या तिघांनी तोच प्रसंग सांगितला तरी साक्ष एकच राहते.

प्रत्येक प्रसंगासाठी वहीत चार गोष्टी लिहा: घडला केव्हा, पहिल्यांदा कागदावर आला केव्हा, कोणी लिहिला, आणि लिहिणाऱ्याला तो कसा कळला. उदाहरणार्थ १९०१ मध्ये हॉपकिन्सव्हिल, केंटकी येथे अल लेन यांनी संमोहन केले आणि केसींचा गेलेला आवाज परत आला, हा प्रसंग घ्या. त्या बैठकीची लघुलिपीतली नोंद नाही, पण चरित्रात संवाद शब्दशः येतो. चाळीस वर्षांनी लिहिलेला तो संवाद लेखात उद्धृत करू नका. ‘केसी यांच्या सांगण्यानुसार’ एवढेच लिहा.

समकालीन छापील कागद मिळाला म्हणजे काम झाले, असेही नाही. ९ ऑक्टोबर १९१० च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये, अडाणी माणूस संमोहनात डॉक्टर होतो, अशा अर्थाचा मथळा होता. त्या बातमीचा आधार डॉ. वेस्ली केचम यांचे निवेदन होते, आणि केचम त्या काळात केसींबरोबर व्यवसायात भागीदार होते. केसींचे शिक्षण थोडे झाले होते हे खरे, पण ते पुस्तकांच्या दुकानात नोकरीला होते आणि नंतर छायाचित्रकार झाले. ‘अडाणी’ हा शब्द तिथेच गळतो, तरी नंतरच्या लेखांत तो चालूच राहिला. केचम यांनी १९६४ मध्ये स्वतःच्या आठवणीही छापल्या. १९१० चे निवेदन, सग्रूंचे पुस्तक आणि या आठवणी शेजारी ठेवून वाचा. तपशील जिथे फुगलेला दिसेल तिथे जुना कागद धरा.

सप्टेंबर १९२३ पासून परिस्थिती बरीच सुधारते. तेव्हा ग्लॅडिस डेव्हिस लघुलेखिका म्हणून आल्या. जतन झालेल्या चौदा हजारांहून अधिक रीडिंग्जपैकी (म्हणजे केसी संमोहनासारख्या अवस्थेत जे बोलत त्याच्या लिहून घेतलेल्या नोंदी) बहुतेक त्यानंतरची आहेत. प्रत्येकाला दोन भागांचा क्रमांक असतो: पहिला व्यक्तीचा, दुसरा त्या व्यक्तीच्या कितव्या रीडिंगचा. २९४ हा खुद्द केसींचा. लेखात चरित्राचे पान देण्याऐवजी हा क्रमांक द्या, म्हणजे वाचकाला मूळ मजकूर काढून पाहता येईल. मात्र हे रीडिंग केसी काय बोलले याचा पुरावा आहे. रोगी बरा झाला का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी फाइलला जोडलेली पत्रे पाहावी लागतात, आणि ती लिहिणारा बहुधा रोगी किंवा नातेवाईक असतो. डॉक्टरचे स्वतंत्र निदान, उपचाराआधीचे आणि नंतरचे, असेल तरच ‘बरा झाला’ हे विधान स्वतःच्या आवाजात करा.

यशाच्या टक्केवारीत तर सर्रास घोटाळा होतो. केसींच्या दोन मुलांनी १९७१ च्या पुस्तकात १५० प्रकरणांचा नमुना तपासला. त्यातल्या ७४ जणांकडून पुढे काही कळलेच नव्हते. उरलेल्या ७६ पैकी ६५ अनुकूल, ११ प्रतिकूल. ‘८५ टक्के यश’ हा आकडा या ७६ वरून येतो. १५० वर काढला तर तो ४३ होतो. मुलांनी गप्प राहिलेले लोक लपवले नाहीत, हे मला त्या पुस्तकाचे मोठे बळ वाटते. आकडा उचलणारे मात्र ते ७४ गाळतात. तुम्ही ६५, ११ आणि ७४ या तिन्ही संख्या द्या, आणि अनुकूल हे रोग्याच्या किंवा घरच्यांच्या सांगण्यावरून, हेही लिहा.

टीकाकारांनाही हीच चाळणी लावा. छद्मविज्ञानाचे टीकाकार लेखक मार्टिन गार्डनर म्हणतात की रीडिंग्जमधली वैद्यकीय भाषा ऑस्टिओपॅथीची (हाडे-सांधे, स्नायू हातांनी हाताळून उपचार करण्याच्या पद्धतीची) आहे. हे अनुमान आहे, पण रीडिंग्ज उघडून पडताळता येणारे. के. पॉल जॉन्सन यांचे १९९८ चे पुस्तक विद्यापीठ प्रकाशनाचे आहे. केसींच्या कल्पना कोणत्या परंपरेतून आल्या यासाठी तेच आधी वाचा. सिडनी कर्कपॅट्रिक यांचे २००० चे चरित्र केसींचे कागद जपणाऱ्या संस्थेच्या दफ्तरातील कागदांवर उभे आहे, म्हणून त्याच्या तळटीपा मूळ कागद शोधायला वापरा आणि निष्कर्ष स्वतः तपासा.