खुरपणीत निघणाऱ्या तणांपैकी औषधाला कोणती येतात?

तुम्ही विचारलंय की खुरपून बांधावर फेकतो त्या तणांपैकी औषधाला खरोखर कुठली येतात, आणि जुनी माणसं सांगतात ते कितपत खरं. बरीच येतात. पण सगळ्यांवर सारखाच भरवसा ठेवू नका.

माझ्या लेखी पहिला मान दगडी पाल्याचा. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. जमिनीलगत पसरतो, पानं खरखरीत, कडा करवती, आणि वीतभर उंच दांड्यावर एकच फूल, मधे पिवळं, कडेला पांढरट. खुरपं किंवा विळा लागला की आमच्याकडे बाया चार पानं तळहातावर चोळतात, हिरवा रस जखमेवर पिळतात आणि चोथा वर दाबून धरतात. वरवरचं कापलं असेल तर रक्त लवकर थांबतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतही या पाल्याने जखम भरायला मदत झाल्याचं दिसलंय. पानं मात्र धुऊन घ्या. जखम खोल असेल किंवा मातीने भरली असेल तर पाल्यावर विसंबू नका, दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

टाकळ्याचा कोवळा पाला पावसाळ्याच्या सुरुवातीला भाजीला जातो, आणि शेंगा वाळल्या की बिया लिंबाच्या रसात वाटून नायट्यावर लावतात. आघाड्याच्या काडीने दात घासणारी माणसं अजून आहेत. घेटुळी म्हणजेच पुनर्नवा, ती सुजेवर. सराट्याचे काटे म्हणजे गोखरू, ते लघवीच्या तक्रारींवर. ही दोन्ही वैद्यांच्या औषधांतही असतात, पुनर्नवासव आणि गोक्षुरादी गुग्गुळ ही नावं तुम्ही ऐकली असतील.

आता भुईआवळ्याबद्दल कळकळीने सांगतो. पानांच्या खाली ओळीने बारीक गोल फळं लागतात, तेच झुडूप. कावीळ झाली की गावोगाव याचा रस देतात. पण कावीळ विषाणूने होते तशी पित्तनलिकेत खडा अडकल्यानेही होते, आणि अशा वेळी रस पीत घालवलेले दिवस जिवावर बेततात. आधी रक्त तपासा, सोनोग्राफी सांगितली तर करा, मग वैद्यांना विचारून काय ते घ्या.

पिवळ्या धोतऱ्याचा चीक काही जण डोळ्यांत घालतात. अजिबात घालू नका. त्याच्या बिया मोहरीसारख्या दिसतात. त्यांच्या तेलाची भेसळ मोहरीच्या तेलात झाल्याने 1998 मध्ये दिल्लीत माणसं दगावली. गाजरगवत तर हातमोजे घालून, फुलायच्या आत उपटा, नाहीतर अंगावर खाज आणि पुरळ उठते.

आणि तणनाशक मारलेल्या रानातलं, किंवा फवारा उडतो अशा शेजारच्या बांधावरचं, एकही पान औषधाला तोडू नका.