राजीनामा लिहून घेतलाय, आता काय?

खराडीत नोकरी करणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय, नाव देत नाही. थोडक्यात असं आहे की आयटी कंपनीत 4 वर्षं 9 महिने झाले, पदाचं नाव टीम लीड, पगार महिना लाखभर, त्यातलं बेसिक 52,000. वर्षभरापूर्वी नवा मॅनेजर आला आणि तेव्हापासून रात्री साडेअकराला कॉल, टीमच्या ग्रुपवर सगळ्यांदेखत "परत कॉलेजला जा" असले मेसेज, सुट्टी मागितली की "आई सारखी आजारी असते तर नोकरी कशाला करतेस". रविवारी संध्याकाळपासूनच पोटात ढवळायला लागायचं. मग पीआयपी लावला, म्हणजे 'ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखव' असा लेखी कार्यक्रम. मग एका गुरुवारी सहा वाजता मीटिंग रूममध्ये बोलावलं, मॅनेजर आणि एचआरची मुलगी दोघं बसलेले आणि लॅपटॉपवर राजीनाम्याचं पेज आधीच उघडून ठेवलेलं. "आत्ता सबमिट केलंस तर रिलीव्हिंग लेटर क्लीन मिळेल, नाहीतर टर्मिनेट करू, मग बॅकग्राउंड चेकमध्ये काय होतं ते तुला माहितीये." चाळीस मिनिटांनी यांनी सबमिट दाबलं. कारणाच्या रकान्यात 'पर्सनल रीझन' सुद्धा त्या एचआरच्या मुलीनेच सिलेक्ट करून दिलं. लास्ट वर्किंग डे 60 दिवसांनंतरचा, पण लॅपटॉप आणि आयडी कार्ड तिथेच काढून घेतलं. आज बारावा दिवस. वाघोलीच्या फ्लॅटचा हप्ता चालू आहे, नवरा म्हणतोय सुटलीस, जाऊ दे. आणि प्रश्न असा की बटण तर मीच दाबलं, मग आता काही होऊ शकतं का?

ताई, होऊ शकतं, पण आज रात्री जेवायच्या आधी एक मेल टाका आणि मग बाकीचं वाचा.

मेल कोणाला, तर एचआर हेडला, तुमच्या पर्सनल आयडीवरून. त्यात चारच गोष्टी: अमुक तारखेला अमुक रूममध्ये अमुक दोन माणसांसमोर माझ्याकडून दबावाखाली राजीनामा घेतला, कारण मी निवडलेलं नाही, हा राजीनामा मी मागे घेतेय, आणि मी कामावर यायला तयार आहे. बास. मॅनेजर कसा राक्षस आहे याचे पाच पॅरा नकोत. माझ्याकडे लोक तीन पानी मेलचा ड्राफ्ट घेऊन येतात, सगळं मन मोकळं केलेलं असतं आणि 'मागे घेतेय' हे एक वाक्य मात्र कुठेच नसतं.

तुम्ही म्हणाल मला त्या माणसाखाली परत जायचंच नाहीये. माहितीये मला. पण हा मेल परत जाण्यासाठी नाहीये. दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी कोर्टात तुमच्यावर येणार, आणि समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार की मॅडम, एवढा दबाव होता तर चार महिने गप्प का बसलात? बाराव्या दिवशीचा मेल हे त्याचं उत्तर आहे. चार महिन्यांनंतरचा मेल म्हणजे दुसरी नोकरी मिळाली नाही म्हणून सुचलेलं शहाणपण, असंच ते दाखवणार.

आणि राजीनामा मागे घेता येतो हे मी हवेत बोलत नाही. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा ती तारीख यायच्या आधी मागे घेता येतो हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने 1978 पासून मानलंय. 2024 मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या केसमध्ये तर राजीनामा मंजूर केल्याचं पत्र त्यांना नीट पोचलंच नव्हतं, ते फक्त ऑफिसातल्या ऑफिसात फिरलेलं होतं, म्हणून राजीनामा पक्का झालाच नाही असं कोर्टाने धरलं. तुमचे 60 दिवस संपलेले नाहीत, ही तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू. फक्त अपॉइंटमेंट लेटर काढून बघा, एकदा दिलेला राजीनामा मागे घेता येणार नाही असं कलम कुठे घुसवलंय का, असेल तर भांडण थोडं अवघड होतं.

आता कुठल्या कायद्याखाली भांडायचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1947 चा जुना औद्योगिक विवाद कायदा जाऊन इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड आला. त्यात 'वर्कर', म्हणजे कायद्याच्या व्याख्येत बसणारे कामगार, असाल तर दारं उघडी, नसाल तर गल्ली अरुंद. आणि लाखभर पगार आहे म्हणजे आपण वर्कर नाही हा पुण्यातल्या आयटीवाल्यांचा लाडका गैरसमज आहे, टेक्निकल काम करणाऱ्याला पगाराची मर्यादाच नाही. 18,000 ची मर्यादा आहे ती सुपरवायझरला. मग टीम लीड सुपरवायझर का? कार्डावर काय छापलंय ते कोर्ट बघत नाही, दिवसभर काय करता ते बघतं. तुम्ही लिहिलंय की दिवसाचे सहा तास तुम्ही स्वतः टेस्टिंगची तिकिटं, म्हणजे नेमून दिलेली कामं, बंद करत होता, कुणाची सुट्टी मंजूर करायचा अधिकार नव्हता आणि अप्रेझलचे मार्क वरून यायचे. हे माझ्या दृष्टीने सोन्यासारखं आहे, आठवतंय तोवर तारखांसकट वहीत लिहून काढा.

दबाव सिद्ध झाला तर हा राजीनामा राहत नाही, कंपनीने काढून टाकलं असा मामला होतो, आणि ते कायद्याने करायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय दर वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची 5 वर्षं, 75 दिवसांचा पगार. नव्या कोडमध्ये रीस्किलिंग फंडातून, म्हणजे कामावरून काढलेल्यांना नवं कौशल्य शिकता यावं म्हणून असलेल्या निधीतून, अजून 15 दिवसांचा पगार आहे तो वेगळा. यातलं काहीच द्यायला लागू नये म्हणून तर ते पेज उघडून ठेवलेलं असतं.

कोडप्रमाणे दाद मागायला दोन वर्षांची मुदत आहे, पण त्या भरवशावर राहू नका. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्यात तक्रारीला 90 दिवसच आहेत, म्हणून मी प्रत्येकाला 90 दिवसांचंच घड्याळ लावायला सांगते. मेलला आठवड्यात उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस, आणि मग कामगार खात्याकडे अर्ज. तिथे समेटासाठी कंपनीला बोलावतात, आणि बऱ्याच एचआरवाल्यांचा आवाज पहिल्या तारखेलाच खाली येतो, कारण मीटिंग रूममध्ये जे बोलले ते सरकारी अधिकाऱ्यासमोर बोलायचं नसतं.

समजा वर्कर नाहीच असं ठरलं, तर मग दिवाणी दावा, आणि तिथे खरं सांगते, नोकरी परत मिळत नाही, नोटीस पिरियडच्या पगाराएवढी भरपाई मिळाली तरी पुष्कळ.

ग्रॅच्युइटीचं मात्र नीट ऐका, ती साधारणपणे 5 वर्षं नोकरी झाल्यावरच मिळते. 5 वर्षं पूर्ण व्हायला तीन महिने असताना राजीनामा घेतला जातो हा योगायोग मी इतक्या वेळा बघितलाय की आता त्याला योगायोग म्हणवत नाही. हिशोब सोपा: 52,000 गुणिले 15 भागिले 26 म्हणजे 30,000, गुणिले 5, दीड लाख. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले की पाच वर्षं झाली असं मद्रास हायकोर्टाने धरलेलं आहे, तुमचे तर नोटीस पिरियड धरून 4 वर्षं 11 महिने होतात. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, कंपनी नाही म्हणणारच, तरी अर्ज करायचाच.

शेवटचा पगार आणि राहिलेला हिशोब नोकरी सुटल्यापासून दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असं नव्या वेज कोडमध्ये आहे, आणि याला वर्कर असायची अट नाही. '45 दिवसांत फुल अँड फायनल' ही एचआरची जुनी पोपटपंची आता चालत नाही. पीएफ घाईने काढू नका, पाच वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो, पुढच्या कंपनीत ट्रान्सफर करा.

मॅनेजरवर पोलीस केस करू का असंही विचारलंय तुम्ही. नको. खडूस बॉस असणं हा आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा नाही, चौकीत तुमचा दिवस जाईल आणि लेबरच्या केसवरचं लक्ष उडेल. त्याचे मेसेज मात्र पुरावा म्हणून हवेत. नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत, 1 जुलै 2024 पासून जो भारतीय साक्ष्य अधिनियम आहे त्याच्या कलम 63 खाली सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्यामुळे ज्या फोनवर मेसेज आले तो जपा, चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. पित्ताच्या आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या त्या डॉक्टरांची चिठ्ठी पण काढा, तारीख पीआयपीच्या आसपासची आहे म्हणालात, ती फार कामाची. पण क्लायंटच्या फाइली किंवा कोड कुठे स्वतःच्या मेलवर पाठवला असेल तर आधी मला सांगा, कंपन्या नेमकं तेच पकडून डेटा चोरीची उलटी केस टाकतात.

फीची काळजी लिहिलीत. बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो, शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथे साधा अर्ज करायचा. येताना अपॉइंटमेंट लेटर, पीआयपीचा मेल, शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि तो फोन घेऊन या. आणि त्याची स्क्रीन फुटलीये म्हणून दिवाळीच्या एक्सचेंज ऑफरमध्ये द्यायचा विचार चाललाय असं जे लिहिलंय ना, तो नवऱ्याला सांगून आधी थांबवा.